दुसऱ्याच्या हाताने : कृष्णाकाठच्या एका ठरावाचं प्रकरण

ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण मी मुद्दाम जेवणानंतरच्या सत्राला ठेवते. पंख्याखाली पेंग येत असते, आणि या प्रकरणावरून बायका एकमेकींशी वाद घालायला लागल्या की ती उडते. सुरुवातीला फक्त एवढंच सांगते: एका सरपंचबाईंनी विधवा प्रथेविरुद्धचा ठराव ग्रामसभेत मंजूर करून घेतला. बाई स्वतः विधवा. पुढं पाच महिन्यांनी भर कार्यक्रमात पाहुण्या त्यांना कुंकू लावायला आल्या, तर बाईंनी त्यांचा हात वरच्या वर धरला. लावू दिलं नाही. बरोबर की चूक?

निम्म्याहून जास्त हात ‘चूक’ म्हणून वर होतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही झाला असता.

गाव सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. गावाचं आणि माणसांचं नाव टाळलंय, एकदोन खुणाही बदलल्यात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 2019 आणि 2021 च्या पुराच्या पाण्याच्या रेघा तांबड्या तैलरंगानं ओढलेल्या आहेत. तिथं येणारा प्रत्येक माणूस आधी त्या रेघांशी आपली उंची ताडून बघतो, मग कामाचं बोलतो. ऊस मुख्य, थोडी द्राक्षं. हा सगळा जुन्या सातारा जिल्ह्याचा पट्टा. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथंच चाललं आणि त्याचं केंद्र असलेलं कुंडल इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळं ‘चळवळ’ हा शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात ‘पाऊस’ या शब्दाइतका सहज येतो.

सरपंचबाईंना गाव ‘वैनी’ म्हणतं, कारण त्यांच्या मालकांना ‘दादा’ म्हणायचं. दादा सत्यशोधकी वळणाचे, डाव्या विचारांच्या पक्षाचे तालुक्यातले कार्यकर्ते. देव मानत नव्हते, पण आषाढीला बायकोला पंढरपूरच्या एसटीत खिडकीची जागा धरून द्यायचे आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहायचे. वैनींचं माहेर माळकरी. एका घरात दोन मतं सुखानं नांदत होती, कारण दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला सुधारायला बसलं नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, पुढं लागेल.

जानेवारी 2021 ची निवडणूक. फॉर्म वैनींचा, प्रचार दादांचा. निकालानंतरच्या सोडतीत सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, वैनी सरपंच झाल्या, आणि कारभारही दादांचाच होणार हे सगळ्यांनी धरलेलं. तीन महिने तसंच झालं. मग दुसरी लाट आली आणि मे महिन्यात मिरजेच्या एका दवाखान्यात दादा गेले.

त्या घरात पुढं जे झालं ते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. दादांना घरी आणलं नाही, तिकडंच अग्नी दिला. घरात आणखी दोघांना लागण, त्यामुळं दाराला टाळं नसलं तरी टाळ्यासारखंच. भावकीतल्या बायका आल्या नाहीत. कुणी गळ्यात गळा घातला नाही, कुणी बांगड्या फोडल्या नाहीत, कुणी कुंकू पुसलं नाही. तिसऱ्या रात्री वैनी मोरीत पाटावर बसल्या आणि मनगटाला साबण लावून एकेक बांगडी उतरवली. एकही फुटू दिली नाही. त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. मंगळसूत्र दादांच्या घड्याळाच्या खोक्यात. कुंकू पदरानं पुसलं, आणि सकाळी देवघरातल्या डबीतला बुक्का बोटानं कपाळाला लावला. माळकऱ्यांत गेलेल्याची बायको तसं लावते. तेव्हापासून तोच काळा ठिपका.

“कुनी सांगितलं न्हाई ताई, कुनी बघितलं बी न्हाई,” त्या मला म्हणाल्या होत्या. “ते माझं आनि ह्यांचं हाय.”

गावाला वाटलं, बाई आता राजीनामा देतील. पक्षालाही वाटलं, दोघंजण दुसरं नाव घेऊन येऊनही गेले. वैनी दुसऱ्या महिन्याच्या मासिक सभेला गेल्या, अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या आणि ग्रामसेवकाला म्हणाल्या, मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचा. त्यानंतर त्यांचा कारभार कसा चालला हा वेगळा विषय आहे. पाणीपट्टीची थकबाकी त्यांनी दादांपेक्षा चांगली वसूल केली एवढं सांगून पुढं जाते.

मसुदा

मे 2022 च्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्यामागं करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचा धोशा होता. आपल्या माघारी आपल्या बायकोवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टँपपेपरवर लिहून ठेवलं होतं. 17 मे 2022 ला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं: इतर गावांनीही हेरवाडसारखं करावं, त्यासाठी जनजागृती करावी. लक्षात घ्या, परिपत्रक. कायदा नव्हे. कुंकू पुसलं म्हणून कुणाला शिक्षा करण्याचा अधिकार त्यानं ग्रामपंचायतीला दिला नाही, देणं शक्यही नव्हतं.

वैनींच्या पक्षात गावातले सगळ्यात जुने म्हणजे गुरुजी. जीवन शिक्षणच्या शाळेतून निवृत्त, वय ऐंशीच्या घरात, धोतर अजून स्वतः धुतात. त्यांचे वडील प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या चिठ्ठ्या पोचवायचे. गुरुजींनी परिपत्रक वाचलं आणि त्याच रात्री फुलस्केपवर मसुदा लिहून वैनींच्या पडवीत हजर. ‘आपल्या गावात आजपासून विधवा प्रथा बंद करण्यात येत आहे’ अशी सुरुवात आणि शेवटी दंडाचं कलम: जे कुटुंब मोडेल त्याला दंड आणि ग्रामपंचायतीचे दाखले बंद.

ग्रामसेवकानं कपाळाला हात लावला. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला अशा कारणासाठी अडवता येत नाही, उद्या कुणी वर तक्रार केली तर नोकरी माझी जाईल, असं तो म्हणाला. गुरुजी उसळले. “नानांच्या काळात गावानं ठरवलं की ठरलं. हुंडा न घेता साध्या पद्धतीनं लग्नं लागली की नाही? सावकारानं ऐकलं नाही तर तळपायाला पत्री ठोकली की नाही?”

त्यावर वैनी जे बोलल्या ते मी तिथं बसून ऐकलं. त्या गुरुजींशी कधी वाद घालत नाहीत, ते त्यांना ‘सूनबाई’ म्हणतात. चहाचे कप उचलत म्हणाल्या, “गुरुजी, म्हंजी आधी सासू पत्री मारत व्हती, आता पंचायत मारनार.”

गुरुजी हसले, पण दंडाचं कलम गेलं.

खरा वाद पुढं झाला. ‘प्रथा बंद’ म्हणजे नेमकं काय बंद? वैनींचं म्हणणं, बाईवर कुणी लादायचं नाही, एवढंच लिहा. गुरुजींचं म्हणणं, मग ठरावात उरलं काय? तिसऱ्या दिवशी नदीवर पंधरा बायका तिला घेरून उभ्या राहतील आणि वर सांगतील, तिचीच इच्छा होती. त्या दिवशी कुठल्या बाईच्या तोंडातून ‘नाही’ निघेल?

मी गुरुजींच्या बाजूची होते. आजही मला त्यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा वाटत नाही. ज्या बाईला रडून रडून शुद्ध नाही, तिची संमती कसली? स्वातंत्र्याच्या नावाखाली जुनंच सगळं बिनबोभाट चालू राहतं, हे आपण शंभर ठिकाणी पाहिलंय.

वैनींना हे पटत होतं. तरी ‘बंद’ हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. का, ते त्यांनी गुरुजींसमोर सांगितलं नाही. मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “बंद म्हनलं तर त्या रात्री मोरीत मी जे केलं ते बी गुन्ह्यात बसलं की.”

इथं साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आठवण होणं साहजिक होतं. मला झाली आणि मी दुसऱ्या दिवशी तो विषय काढला. आपला विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याची मांडणीही तशीच आहे. त्यात अंधश्रद्धेची व्याख्या शोधाल तर सापडणार नाही. परिशिष्टात कृत्यं मोजून दिली आहेत: हे केलं तर गुन्हा, ते केलं तर गुन्हा. माणसाच्या डोक्यात काय आहे याला कायदा हात लावत नाही. त्याच्या हातानं काय केलं ते बघतो.

‘हात’ हा शब्द अंगणवाडीच्या बाईंनी उचलला. त्या वेळेपर्यंत त्या नुसत्या ऐकत होत्या. म्हणाल्या, मग तसंच लिहू या ना, दुसऱ्याच्या हातानं काही काढायचं नाही. आणि दिवस होईपर्यंत तो विषयच काढायचा नाही. तेरा-चौदा दिवसांत बाई जरा माणसांत येते.

गुरुजींचा प्रश्न असा सुटला. सगळा नाही, पण बराचसा. शेवटी प्रोसिडिंग बुकात गेलेला ठराव चार वाक्यांचा आहे: “पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी यांपैकी काहीही दुसऱ्याच्या हाताने काढले जाणार नाही. दिवसकार्य होईपर्यंत घरातील वा गावातील कोणीही हा विषय तिच्यापुढे काढणार नाही. त्यानंतर काय ठेवायचे व काय नाही हे ती स्वतः ठरवील. सण, समारंभ व मंगलकार्यात तिला इतर स्त्रियांप्रमाणेच स्थान राहील.”

चौथं वाक्य वैनींनी स्वतः सांगून लिहून घेतलं. ते ध्यानात ठेवा.

ऑगस्टमध्ये आधी महिला सभा, मग ग्रामसभा. शंभराचा कोरम पहिल्यांदाच वेळेत भरला. विरोधी गटाच्या दोघांनी ‘शास्त्र’ काढलं, एकानं ‘आधी रस्ता करा’ म्हणून सांगितलं, हात वर झाले, ठराव मंजूर. महिला सभा मात्र सांगण्यासारखी झाली. वैनींच्या सासूबाई, ज्यांना सगळे ‘आत्ती’ म्हणतात, तीस वर्षांपासून विधवा. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध हिरवट गोंदण आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं. कुणीतरी म्हणालं, आत्ती, तुमचं काय मत? त्यांनी बोट गोंदणावर ठेवलं. “माझं कुकू पुसलं, त्ये ऱ्हायलं की खाली. त्ये कशानं पुसनार व्हता?” आणि मांडीवरच्या शेंगा सोलायला लागल्या. बाजूनं बोलल्या की विरोधात, यावर बायकांचं अजून एकमत नाही.

करंडा

जानेवारी 2023. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला एक रविवार. बचत गटांनी शाळेच्या पटांगणात हळदीकुंकू ठेवलं, विधवांना मुद्दाम बोलावलं, सांगलीहून एक पाहुण्या वक्त्या आणल्या. पाहुण्या मनापासूनच्या होत्या, हे आधी सांगते. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि त्या करंडा घेऊन थेट अध्यक्षांकडं वळल्या. मोबाइल वर झाले. बुक्क्याच्या काळ्या ठिपक्यावर तांबडं बोट टेकणार एवढ्यात वैनींनी त्यांचं मनगट धरलं.

जोरानं नाही. धरलं, खाली आणलं, आणि करंडा स्वतःच्या हातात घेतला. मग उठून ओळीत बसलेल्या बायकांकडं गेल्या. जिनं कपाळ पुढं केलं तिला लावलं. जिनं हात पुढं केला तिच्या तळहातावर दिलं. जी तशीच बसून राहिली तिला तिळगूळ दिला आणि पुढं सरकल्या.

जुन्या रीतीप्रमाणं विधवेनं सवाष्णीला कुंकू लावायचं नसतं. त्या दिवशी वैनींनी चाळीसेक जणींना लावलं, त्यात सवाष्णी होत्या, विधवा होत्या. पण त्याचा फोटो कुणी काढला नाही. मनगट धरल्याचा फोटो मात्र संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. विरोधी गटाच्या एका पोरानं स्टेटसला ठेवला, वर ओळ: ‘बोले तैसा चाले?’ प्रश्नचिन्हासकट.

रात्री पक्षातून फोन सुरू झाले. तालुक्याच्या नेत्यांचं म्हणणं, एका बोटाच्या कुंकवासाठी एवढा मोठा ठराव पाण्यात घालवला. गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. मी स्वतः गेले आणि शहाणपण सांगितलं: एक दिवस लावायचं होतं की, लोकांसाठी. घरी जाऊन पुसून टाकायचं.

वैनी भाकरी थापत होत्या. परातीतला हात थांबवला. “ताई, लोकांसाठी लावलं तर उद्या लोकांसाठी पुसावं बी लागंल.”

प्रशिक्षणात इथपर्यंत सांगितलं की ‘चूक’ म्हणणारे बरेच हात खाली येतात. मला ते फार लवकर खाली येतात असं वाटतं. म्हणून मी ठरावाची चार वाक्यं फळ्यावर लिहिते आणि विचारते, यातलं कुठलं वाक्य बाईंनी मोडलं? पहिलं नाही, दुसरं नाही. तिसरं तर त्यांनी अक्षरशः पाळलं. ‘बोले तैसा चाले’ची फूटपट्टी लावायची तर त्या जे बोलल्या तसंच चालल्या, गावानं ऐकलं होतं वेगळं. गावाच्या कानात ‘विधवांनी कुंकू लावायचं’ असा ठराव पडला होता, आणि तो तसा नव्हताच. आपल्याकडं सुधारणा म्हटली की जुन्या हुकमाच्या जागी नवा हुकूम येतो अशी लोकांना सवय आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हा कार्यकर्त्यांनाही आहे. आम्हाला फोटो हवा असतो. कुंकू लावलेली विधवा फोटोत दिसते. कुणी काहीही न लादलेली विधवा फोटोत कशी दाखवणार?

पण प्रकरण इथं संपलं असतं तर मी ते सांगितलं नसतं. तत्त्वही राहिलं, श्रद्धाही राहिली, बाई जिंकल्या, असं होत नाही. चौथं वाक्य शिल्लक आहे.

चौथं वाक्य

त्याच आठवड्यात वैनींकडं एक पोरगी आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेलेला, पदरात एक मुलगा. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. ती कपाळाला टिकली लावू बघत होती आणि सासू लावू देत नव्हती. वैनींना वाटलं, आता ही म्हणणार, तुम्हीच नाही लावलं तर मी कुठल्या तोंडानं लावू. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली ते वेगळंच. “आक्का, कुकवाचं न्हाई म्हणत मी. त्ये तुमचं तुमी बघा. पर तुमी लग्नात अक्षता पडल्यावर येता. डोहाळजेवनाला सैपाकघरात बसता. आमची सासू त्ये बघती. म्हंती, सरपंचीन कशी मागं ऱ्हाती बघ, तिला कळतंय.”

वैनी मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. कारण ते खरं होतं. दोन वर्षांत गावातल्या एकाही लग्नात त्या हळदीला गेल्या नव्हत्या. पुतणीच्या साखरपुड्याला चुलीपाशी होत्या. कुणी हटकलं नव्हतं, ‘लांब राहा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या आपणहून मागं राहत होत्या, आणि हे ठरावाच्या विरुद्ध आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. साऱ्या गावानं, पक्षानं, विरोधकांनी आणि मी त्यांच्या कपाळाकडं टक लावली होती. पाय कुठं थांबतात ते एका बेदाण्याच्या शेडवरच्या पोरीनं बघितलं.

इथं मी प्रशिक्षणात थोडी थांबते, कारण दोन श्रद्धांमधला फरक बायकांना स्वतः सापडावा असं वाटतं. कुंकू न लावण्यात वैनी दुसऱ्या कुणाविषयी काही म्हणत नव्हत्या. ते त्यांचं आणि दादांचं. पण हळदीला न जाण्यात एक वाक्य दडलंय: माझ्यासारखीचा हात लागला तर नवरीचं वाईट होईल. ते वाक्य नुसतं त्यांच्यापुरतं राहत नाही. ते त्या पोरीविषयीही आहे, आत्तींविषयीही आहे, गावातल्या प्रत्येक विधवेविषयी आहे. आणि ज्या खुर्चीत बसून ‘तिला इतर स्त्रियांप्रमाणेच स्थान राहील’ असं लिहून घेतलं, त्या खुर्चीतली बाई ते वाक्य रोज पायानं बोलत होती. माझ्या मते या प्रकरणातली विसंगती ही. करंड्याची नव्हे.

अर्थात, हे असं फळ्यावर मांडायला सोपं आहे. वैनींना ते असं सोपं नव्हतं, कारण ही श्रद्धा त्यांना नकोशी असूनही त्यांच्यात होती. “मला ठावं हाय तसं काय नसतं,” त्या म्हणाल्या. “पर पोरगी दुसऱ्याची. माझं मन सुधारायला तिच्या संसाराची परीक्षा कशापाय घेऊ?” हा युक्तिवाद ऐकून मी गप्प झाले होते. यात भीती आहे, पण दुसऱ्याची काळजीही आहे, आणि दोन्ही एकमेकींत इतक्या मिसळल्यात की वेगळ्या काढता येत नाहीत.

मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं. दिराची मुलगी, बी.फार्म. झालेली, काकीच्या हाताखाली वाढलेली. वैनींनी काय केलं, तर ठरावाचं तिसरं वाक्य चौथ्याला लावलं. स्वतः ठरवलं नाही, पुतणीला विचारलं. तिला एकटीला, माडीवर, आईबाप नसताना. म्हणाल्या, तुझ्या मनात तीळभर जरी असलं तर सांग, मी रागावणार नाही, चुलीपाशी बसंन. पुतणी म्हणाली, “काकी, हळद तूच दळायची. न्हाईतर मी हळदीला बसत न्हाई.”

जात्याला पान-सुपारी बांधली, सवाष्णी खुंट्याला हात लावायला पुढं आल्या, आणि वैनी त्यांच्यात बसल्या. भावकीतल्या दोघी तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारख्या उठून गेल्या. आत्ती उठल्या नाहीत. त्या जात्याच्या पलीकडं बसल्या आणि हळकुंडं एकेक करून वैनींच्या ओंजळीत देत राहिल्या. मी तिथं होते. वैनींच्या हातातला खुंटा थरथरत होता हेही बघितलं. कपाळावर बुक्का, बोटं हळदीनं पिवळी. या वेळी फोटो काढावा असं कुणाला सुचलं नाही.

नंतर मी त्यांना विचारलं, मग मनातली भीती गेली का? प्रशिक्षणात हा प्रश्न नेहमी येतो, आणि येणाऱ्यांना ‘हो’ ऐकायचं असतं. ती गेली नाही. त्या वर्षी आषाढीला पंढरपूरला गेल्या तेव्हा त्यांनी विठोबापुढं पुतणीसाठी वेगळं मागणं मागितलं. तत्त्वानं हातानं करायला लावलं ते मनानं मानलंच असं नाही. माझ्या पक्षातल्या मित्रांना हे ऐकून वाईट वाटतं. त्यांच्या मते श्रद्धा गळून पडल्याशिवाय परिवर्तन पुरं होत नाही. मला तसं वाटत नाही. भीती न गेलेल्या बाईनं जात्यापाशी बसणं मला जास्त जड वाटतं. ज्याला भीतीच नाही त्याला बसायला काय लागतं?

गुरुजींनी लग्नानंतर बोलणं सुरू केलं. ‘बंद’ हा शब्द ठरावात हवा होता असं ते अजून म्हणतात, आणि दर सहा महिन्यांनी त्यासाठी एक कारण नवं आणतात. त्यातलं एक कारण मला छळतं: ठराव झाल्यानंतरही एका घरात चौदाव्या दिवशी, सगळे नियम पाळून, ‘तिनं स्वतः ठरवून’ बांगड्या उतरवल्या गेल्या, आणि ती बाई वर्षभर कुणाशी धड बोलली नाही. दुसऱ्याचा हात दिसला नाही. होता की नाही, कोण सांगणार? ठरावाची भाषा मनापर्यंत पोचत नाही, हे वैनींच्या बाजूनं खरं तसं गुरुजींच्याही बाजूनं खरं.

शेडवरची पोरगी टिकली लावते. आधी घरून निघताना मोबाइलच्या कव्हरच्या आत चिकटवून न्यायची, एसटीत बसल्यावर लावायची आणि परत येताना गावच्या ओढ्यापाशी काढायची. हळदीच्या नंतर काही दिवसांनी घरातूनच लावून निघाली. सासूनं बघितलं आणि म्हणाली, डबा राहिला बघ.

वैनींच्या पुतणीचं चांगलं चाललंय, इस्लामपूरला असते, तिला मुलगा झाला. वैनी बारशाला पाळण्यापाशी उभ्या होत्या, मागं नव्हत्या. पण पुतणीचा फोन अवेळी आला, की आजही त्या आधी विचारतात, “बरी हायस न्हवं?” पलीकडून हसण्याचा आवाज आला की मग खाली बसतात आणि बाकीचं बोलतात.